वेरूळची लेणी पहिल्यांदा पाहताना: दिवसाचा बेत कसा आखावा

वेरूळला फाटकातून आत शिरले की समोरच कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे उभे असते, आणि पहिल्यांदा येणाऱ्याची फसगत तिथेच होते. अकराच्या सुमारास, शाळांच्या सहलींच्या गर्दीत, माणूस थेट कैलासात शिरतो. दोन तास उन्हात मान वर करून फिरतो, पाय बोलू लागतात, आणि उरलेली लेणी ‘पुढच्या वेळी’वर जातात. तो पुढचा वेळ सहसा येत नाही. बेत थोडा उलटसुलट केला तर एका दिवसात वेरूळ चांगले पाहून होते. सगळे नव्हे, सगळे पाहण्याचा हट्टही धरू नये.

आधी वार पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांची गल्लत हमखास इथे होते. मंगळवारी येऊन पोचलेली कुटुंबे मग घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन परततात, कारण देऊळ उघडे असते. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर आणि वेरूळ ३० किलोमीटर, तेही दुसऱ्या दिशेला. दोन्ही एका दिवसात उरकण्याचे पॅकेज कोणी देऊ केले तर घेऊ नका. दिवस गाडीत जातो आणि लेणी पळत पळत पाहावी लागतात.

लेणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असतात. तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढले तर थोडे स्वस्त पडते, पण ते घरूनच काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. डोंगराच्या कुशीत नेटवर्क दगा देते आणि फाटकावर मागे रांग खोळंबते. एकच तिकीट सगळ्या लेण्यांना चालते, म्हणून दिवसभर ते खिशात राहू द्या.

मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पहाटे संभाजीनगरला सोडते, आणि लवकर पोचण्यासाठी तीच सोयीची. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या एसटी वेरूळवरून जातात. वाहकाला ‘लेणी’ म्हणून सांगा. चौघे असाल तर दिवसभराची गाडी ठरवलेली बरी, मात्र ‘वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की, सगळे एका दिवसात’ हा चालकाचा ठरलेला फेरा मान्य करू नका. दौलताबादचा किल्ला चढायचा तर त्यालाच अर्धा दिवस हवा.

हंगामाबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत सहलींचा सुकाळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. पण पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि ढगाळ दिवशी आतल्या मूर्ती काळोखात बुडतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरामुळे सगळा रस्ताच तुंबतो. ते दिवस टाळाच.

पिशवीत काय हवे? माणशी दोन लिटर पाणी, टोपी, जाड मोजे आणि एक छोटी विजेरी. कैलासाच्या वरच्या देवळात चपला काढून जावे लागते आणि दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी उभे राहवत नाही, म्हणून मोजे. विजेरीचे काम पुढे येईलच. केळी किंवा बिस्किटांचा पुडा हातात दिसेल असा ठेवू नका. वानरे सराईत आहेत. कड्यांवर आग्यामोहोळे असतात, तेव्हा उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा. पोळ्याच्या खाली मुलांना दगड उचलू देऊ नका. फोटो काढता येतात, फ्लॅश चालत नाही. तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ड्रोन अजिबात नाही.

आकडे आणि ऊन

वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत, दक्षिणोत्तर सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात ओळीने. डोंगराकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताला १ ते १२ बौद्ध, मधे १३ ते २९ हिंदू आणि डाव्या टोकाला ३० ते ३४ जैन. हे आकडे जागेचे आहेत, वयाचे नाहीत. पहिले लेणे सर्वांत जुने असेल असे नवख्याला वाटते, पण अनेक अभ्यासकांच्या मते सुरुवात २१ आणि २९ या शैव लेण्यांपासून, सहाव्या शतकात झाली. बौद्ध लेणी साधारण सातव्या-आठव्या शतकातली, कैलास आठव्या शतकातला, जैन लेणी त्यानंतरची. म्हणजे एका धर्माने थांबावे मग दुसऱ्याने सुरू करावे असा प्रकार नव्हता. काही काळ शेजारशेजारी छिन्न्या चालू होत्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि खोल लेण्यांत अंधार. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन तिरपे होत आत शिरते आणि गाभाऱ्यापर्यंत पोचते. म्हणून खोल, बंदिस्त लेणी दुपारनंतर पाहायची आणि उघड्या अंगणाची लेणी सकाळी. दिवसाचा सगळा बेत या एका नियमावर उभा आहे.

सकाळी सात: कैलास, गर्दी येण्याआधी

शक्य तितक्या लवकर आत शिरा आणि पहिला दीड तास कैलासाला द्या. अंगण उघडे असल्याने सकाळीही उजेड पुरतो आणि कोपऱ्यातल्या कबुतरांशिवाय आवाज नसतो.

पाहण्याआधी ते कसे घडले हे डोक्यात पक्के करा, नाहीतर ते एक मोठे देऊळ एवढेच वाटेल. इथे काही बांधलेले नाही. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणत नेले, मधे कातळाचा एक ठोकळा सुटा ठेवला आणि तो शिखरापासून खाली खाली कोरत आणला. म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. वरून खाली आल्यामुळे परांच्यांची गरज फारशी पडली नाही, कारण न खणलेला खडकच पायाखाली होता. धोकाही तितकाच मोठा: जास्तीचा कपचा उडाला तर तो परत लावता येत नाही. तयार झालेला खड्डा सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, त्याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. त्याच घराण्यातल्या कर्कराजाच्या ८१२-१३च्या बडोदे ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे, आणि त्यात खुद्द घडवणारा कारागीरच ‘हे मी कसे केले’ म्हणून थक्क झाला असे म्हटले आहे.

‘हे माणसाचे काम नव्हे, परग्रहावरून कोणी आले होते’ असे सांगणारे व्हिडिओ पाहून आलेले पाहुणे आता बरेच भेटतात. त्यांना वादात न पडता कोपऱ्यातल्या एखाद्या अपुऱ्या भिंतीकडे न्यावे. टाकीचे तिरपे, समांतर घाव तिथे अजून ताजे दिसतात. वेरूळमध्ये अर्धवट सोडलेले काम भरपूर आहे आणि पद्धत शिकायला पुऱ्या कामापेक्षा तेच जास्त उपयोगी.

आत शिरताच समोर गजलक्ष्मी: कमळांच्या तळ्यात बसलेली लक्ष्मी आणि तिच्यावर पाणी घालणारे हत्ती. इथून डावीकडे वळा. देऊळ उजव्या हाताला ठेवून फिरले की प्रदक्षिणाही नीट होते आणि शिल्पांचा क्रमही जुळतो. अंगणात दोन्ही बाजूंना एकेक दगडी हत्ती आणि एकेक ध्वजस्तंभ आहे. डावीकडच्या कड्यात गंगा, यमुना, सरस्वती यांचे छोटे देऊळ आहे. बरेच जण हत्तीजवळ फोटो काढण्याच्या नादात ते चुकवतात. उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेत, दक्षिणेला रामायणाचे. मुलांना रामायणाचा पट आधी द्या: वानरांनी सेतूसाठी दगड वाहून आणलेले ती स्वतःच ओळखतात.

जोते पाहताना थोडे मागे सरका. हत्ती आणि सिंह रांगेने उभे आहेत आणि सगळे देऊळ त्यांनीच पाठीवर तोलल्यासारखे दिसते. मागच्या कड्यात खांबांच्या ओवऱ्या आहेत, त्यांत मोठमोठे शिल्पपट. आपली शिरे कापून शंकराला वाहणारा रावण तिथलाच. फिरून दक्षिणेला आलात की कैलास हलवणारा रावण. हा पट खोल कोरलेला असल्याने सावलीत असतो. खाली वीस हातांचा रावण पर्वताला खांदा देतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर नुसता पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतोय. घाई करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

मग जिना चढून वरच्या देवळात. सोळा खांबांचा मंडप, पुढे गाभारा आणि लिंग. छतावर आणि भिंतींवर गिलाव्याचे, रंगाचे अवशेष आहेत. हे देऊळ पूर्वी पांढऱ्या गिलाव्याने मढवलेले होते, म्हणून त्याला रंगमहाल असेही म्हणत. आज दिसतो तो काळा दगड कारागिरांना उघडा ठेवायचा नव्हता. गाभाऱ्याभोवतीच्या गच्चीवर पाच छोटी देवळे आहेत, तिथून एक फेरी मारा. उत्तरेकडच्या कड्यातून वर जाणारे लंकेश्वर लेणे चुकवू नका: ठेंगणे, गलेलठ्ठ, नक्षीने भरलेले खांब आणि उत्तम नटराज. जिना काळोखा आहे, विजेरी लागते.

कड्यावरून खाली पाहिले की मंडपाच्या छतावरचे मोठे कमळ आणि त्यावरचे चार सिंह दिसतात; अंगणातून ते दिसतच नाहीत. वर जाणाऱ्या वाटेवर पहारेकरी जिथे अडवील तिथे थांबा. कडा सरळसोट आहे आणि सेल्फीसाठी मागे सरकणे म्हणजे शंभर फूट खाली.

नऊनंतर: जैन लेणी आणि धुमार लेणे

सहलींच्या गाड्या येऊ लागल्या की तुम्ही उलट टोकाला निघा. जैन लेणी सुमारे दीड किलोमीटर दूर आहेत. आवारातून फेरीची बस जाते. नसेल तर चालत जा, रस्ता सोपा आहे, फक्त सावली कमी.

तिथे ३२ क्रमांकाची इंद्रसभा पाहिली म्हणजे जैन लेण्यांचा मोठा भाग पाहिला. अंगणात एकाच कातळातले छोटे देऊळ आणि हत्ती, वर दुमजली लेणे. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे, मांडीवर मूल; आंब्याची पाने आणि फळे नीट मोजता येतील इतकी स्वच्छ. समोर हत्तीवर बसलेला यक्ष. पूर्वी पाहणाऱ्यांनी या दोघांना इंद्र-इंद्राणी समजून लेण्याला नाव दिले, ते चुकीचे नाव आता चिकटले आहे. छतावरचे कमळ पाहायला जमिनीवर पाठ टेकली तरी कोणी हसत नाही.

बुद्ध आणि तीर्थंकर यांत पहिल्यांदा घोटाळा होतोच. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र असते, त्याची कड खांद्यावर किंवा घोट्याशी शोधा. तीर्थंकर इथे दिगंबर आहेत. डोक्यावर नागाचा फणा असेल तर पार्श्वनाथ. पायांवर वेली चढल्या असतील तर बाहुबली. तेवढ्यावर नव्वद टक्के काम भागते.

परतताना २९ क्रमांकाचे धुमार लेणे. पायऱ्यांवर सिंह बसलेत, आत प्रचंड दालन आणि मधे चारी बाजूंनी उघडा गाभारा. घारापुरी पाहिलेल्याला लगेच ओळख पटेल, आराखडा जवळपास तोच आहे. शंकर-पार्वतीचे लग्न, सारीपाट खेळणारे दोघे, अंधकासुराचा वध असे भव्य पट आहेत. हे लेणे तीन बाजूंनी उघडे, म्हणून सकाळीही उजेड येतो.

साडेबारा ते दोन फाटकाबाहेर जेवा आणि सावलीत बसा. या वेळात उन्हाला सामोरे जाऊन काही मिळत नाही: उजेड डोक्यावरून येतो, शिल्पाच्या कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि सगळे चेहरे सारखेच दिसतात.

दोननंतर: खोल लेणी, उत्तरेकडून दक्षिणेकडे

आधी २१, रामेश्वर. ओसरीच्या डाव्या टोकाला मगरीवर उभी गंगा. तिच्या कमरेची वळणे तिरप्या उन्हात उठून दिसतात. आत सप्तमातृका आहेत. त्या ओळखायला चेहऱ्याकडे नाही, पायाखाली पाहा: हंस ब्राह्मीचा, बैल माहेश्वरीचा, मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा, डुक्कर वाराहीचा, हत्ती इंद्राणीचा, आणि हाडांचा सापळा दिसली की चामुंडा. एका टोकाला गणपती, दुसऱ्याला वीरभद्र. ही युक्ती मुलांना एकदा दिली की पुढच्या प्रत्येक लेण्यात तीच तुम्हाला सांगू लागतात.

मग १५, दशावतार. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. वरच्या दालनात डाव्या भिंतीवर शंकराचे पट, उजवीवर विष्णूचे. हिरण्यकशिपूला धरलेला नरसिंह सर्वांत शेवटी पाहा. इथे विजेरी कामाला येते: ती समोरून मारू नका, प्रकाश सपाट पडतो आणि मूर्ती चपटी होते. भिंतीला लागून बाजूने, मंद धरा. बोटे, दागिने, स्नायू एकदम उठतात. जिथे रंग उरला आहे तिथे मात्र विजेरी बंद.

१२ क्रमांकाचे तीन ताल (ताल म्हणजे मजला) बाहेरून चाळीसारखे साधे दिसते, म्हणून लोक पुढे जातात. जिने चढा. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसलेत आणि त्यांच्यासमोर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. शेजारच्या ११ला दोन ताल म्हणतात, पण मजले तीन आहेत. तळमजला मातीत गाडलेला होता, तो १८७६ साली उघडा झाला. नाव बदलायचे राहून गेले.

चारच्या सुमारास १०, विश्वकर्मा किंवा सुताराचे झोपडे. वेरूळमधले हे एकच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह. छताला लाकडी घराच्या वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत, त्यांचे छत पेलण्याचे काम काहीच नाही. पूर्वीची चैत्यगृहे लाकडाची होती. कातळात आल्यावर गरज संपली, सवय राहिली. स्तूपापुढे सुमारे ११ फुटांचा बुद्ध खुर्चीवर बसल्यासारखे पाय खाली सोडून उपदेश करतो आहे. जिन्याने वरच्या सज्जात जाऊन छत जवळून पाहा. मार्चमध्ये काही दिवस मावळतीची किरणे खिडकीतून थेट मूर्तीवर पडतात, तेव्हा मात्र उभे राहायलाही जागा नसते. आवाज इथे घुमतो. कोणी प्रार्थना म्हणत असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

पाय चालत असतील तर सहावे आणि पाचवे. सहाव्यात मोरासह महामायूरी ही बौद्ध देवी आहे आणि तिच्या पायाशी पोथी वाचणारा एक छोटा भिक्षू. पाचवे लांबलचक दालन आहे आणि जमिनीवर दोन बसके दगडी बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेत. भिक्षूंची पंगत म्हणा किंवा पाठशाळा. १ ते ४ सोडून दिली तरी चालेल.

वेळ कमी असेल तर

तीनच तास हाती असतील तर १६, १० आणि ३२ एवढीच घ्या, बाकी सोडा. गुडघे दुखणाऱ्यांनी कैलासाचे अंगण, १०चा तळमजला आणि ३२चे अंगण पाहावे. १२ आणि १५चे जिने उंच पायऱ्यांचे आहेत, तिथे आजी-आजोबांना भरीस घालू नका. वाटाड्या हवा असेल तर पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहून, पैसे आणि तास आधी ठरवून घ्या. चांगला वाटाड्या कैलासात दीड तास बोलतो. अर्ध्या तासात ‘इथे फोटो काढा, तिथे काढा’ करणाऱ्याला आभार मानून सोडावे.

घृष्णेश्वर लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर. आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले, लाल दगडाचे. गाभाऱ्यात जायचे तर पुरुषांना अंगातला सदरा उतरवावा लागतो. भद्रा मारुतीही जवळच, खुलताबादला. तिथला मारुती झोपलेला आहे. हंगामात दौलताबादच्या रस्त्याला पेरू आणि सीताफळांच्या पाट्या लागतात, परतताना घ्या. सकाळी घेतलीत तर वानरे तुमच्याआधी खातील.

एसटीने परतायचे असेल तर उतरतानाच वाहकाला संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा विचारून ठेवा. फाटक सूर्यास्ताला बंद होते आणि अंधार पडल्यावर हमरस्त्यावर हात दाखवत उभे राहणे सोयीचे नाही. पाचव्या लेण्यातून साडेपाचपर्यंत बाहेर पडलात तर पुन्हा कैलासासमोर दहा मिनिटे मिळतात. त्या वेळी शिखराच्या वरच्या अर्ध्यावर ऊन असते आणि खालचे हत्ती सावलीत गेलेले असतात.